नवीकोरी जुनी गाडी

मुलांनो, जरा एक चौक डोळ्यांसमोर आणा. पण चौक म्हटल्यावर सपाट जागा आणाल, तर चुकाल. एल नोगाल हे गाव डोंगराच्या उतारावर असं बसलंय, की तिथे फुटबॉल खेळताना एक संघ चढावर धापा टाकतो आणि दुसरा नुसता चेंडूमागे घरंगळत जातो. तर असा तिरका चौक. वरच्या अंगाला पांढरं चर्च, खालच्या अंगाला आकड्यांच्या चिठ्ठ्या विकणाऱ्या फाबिओलाबाईंची टपरी, आणि मधे दोनेकशे गाड्या. कॉफीची पोती वाहणाऱ्या जीपा, दुधाचे ट्रक, टॅक्सी, मोटरसायकली. प्रत्येकीला फुगे आणि कागदी फुलं बांधलेली. प्रत्येक जण हॉर्न वाजवतोय आणि कुणी कुणावर खेकसत नाही, कारण आज सोळा जुलै, कार्मेनमातेचा दिवस. कार्मेनमाता ही गाडी चालवणाऱ्यांची आई. वर्षभर ब्रेक दुरुस्त करायचे नाहीत आणि त्या दिवशी फादरकडून गाडीवर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं, असा तिथला जुना रिवाज आहे.

आता त्या गर्दीच्या सर्वांत पुढे एक मोटरसायकल उभी आहे असं समजा. तिच्या मागच्या सीटवर, दोन वीत उंचीची मातेची मूर्ती छातीशी धरून, तुम्ही बसला आहात. सगळं गाव तुमच्याकडे बघतंय. बसलात? पाठ ताठ झाली ना?

नोहेमीची पाठ गेली तीन वर्षं अशी ताठ होती. शाळेत जाताना ती दप्तर पाठीवर घ्यायची नाही. छातीशी धरायची, मूर्तीसारखं. शिक्षिकांना वाटायचं, मुलीला पुस्तकांची फार माया आहे.

मिरवणुकीत मूर्ती कुणाच्या गाडीवर जाणार, याचा नियम ठरलेला होता. गावातली सगळ्यांत जुनी, चालती मोटरसायकल. मूर्ती धरायला मागे एक मूल, आणि ते मूल दहा वर्षांचं हवं. नऊ नाही, अकरा नाही. नऊ वर्षांचं मूल मूर्ती पाडतं आणि अकरा वर्षांचं लाजतं, असं पूर्वी कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. नोहेमीला मार्चमध्ये दहा पूर्ण झाली. म्हणजे संधी एकदाच, याच जुलैत.

आणि सगळ्यांत जुनी गाडी तर तिच्या आजोबांचीच होती. लिबार्दो आजोबांची गाडी एकोणीसशे छप्पन्नची, इंग्लंडात बनलेली. रंग हिरवा होता असं आजोबा सांगत. त्याचा पुरावा आता टाकीच्या पोटाखाली तळहाताएवढा उरला होता. गाडी जिथे उभी राही तिथे ऑइलचं छोटं डबकं साचे. आजोबा दिवसभरात कुठे कुठे थांबले आणि किती गप्पा मारल्या, ते गावाला डबक्यांवरून कळे.

ती गाडी पहिल्या किकला सुरू झाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. सणाच्या दिवशी आजोबा किक मारायला लागले की अख्खं गाव एका सुरात मोजायचं: एक, दोन, तीन, चार. जितक्याव्या किकला गाडी सुरू होईल, तो मातेने दिलेला आकडा. मग सगळे धावत फाबिओलाबाईंच्या टपरीवर, तो आकडा लावायला. एका वर्षी सतरा लागलाही होता. त्याला चौदा वर्षं झाली, पण तेवढ्यावर गावाची श्रद्धा टिकून होती. फादर आनिबाल दर वर्षी प्रवचनात सांगायचे की हा प्रकार काही बरा नव्हे, आणि किक मोजताना त्यांचेही ओठ हलायचे.

तर मे महिन्यात काय झालं, रुबिएला मावशी पेरेरा शहरातून नवी गाडी घेऊन आली.

रुबिएला म्हणजे नोहेमीच्या आईची धाकटी बहीण. ती कवळ्या बनवायची. गावातलं निम्मं हसू तिच्या हातचं होतं. नोहेमीची आई शहरातल्या इस्पितळात नोकरीला होती, त्यामुळे नोहेमी आजोबांकडे आणि मावशीकडेच वाढत होती. दोन्ही घरांत चार पावलांचं अंतर, आणि मावशीची गाडी आल्यापासून थोडं जास्त.

कारण गाडी कशी होती सांगू? गोल हेडलाइट. थेंबाच्या आकाराची हिरवीगार टाकी. आऱ्यांची चाकं, लांब चपटी तपकिरी सीट, चकचकीत सायलेन्सर. आजोबांच्या गाडीला कुणी आंघोळ घालून, रंगवून, पुन्हा विशीत नेऊन ठेवलं तर ती जशी दिसेल, हुबेहूब तशी. मात्र गोल मीटरमध्ये काट्याशेजारी एक इवलासा पडदा होता आणि पेट्रोल किती उरलंय ते तो सांगायचा. हँडलखाली फोन चार्ज करायची खाच होती. आणि बटन दाबलं की गाडी सुरू.

रुबिएलाने ती चौकात उभी केली आणि हेल्मेट काढेपर्यंत कॉफीच्या दुकानातले तीन म्हातारे आपापले कप घेऊन तिच्याभोवती जमले.

"अठ्ठावन्नची," पहिला म्हणाला. "माझ्या बापाकडे हीच होती."

"तुझ्या बापाकडे खेचर होतं," दुसरा म्हणाला. "ही माझ्या काकाकडे होती. हाच हिरवा रंग. पुलावरून खाली पडली बिचारी."

"काका वाचले ना?"

"काकांचं कोण विचारतंय."

तिसरा टाकीवरून हात फिरवत होता. "काय राखलीयेस गं पोरी. साठ वर्षांत एक ओरखडा नाही."

"काका, तीन आठवड्यांची आहे ही," रुबिएला म्हणाली.

"हो, हो," तो म्हणाला आणि हात फिरवतच राहिला. त्या वयात माणसाला नको ते ऐकू येत नाही, ही एक मोठी सोय असते.

मग लिबार्दो आजोबा आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून खाली पाहिलं. फरशी कोरडी होती.

"ऑइल कुठेय?"

"गळत नाही, बाबा."

"मग घरचा रस्ता कसा सापडणार तुला?" आजोबा सरळ उभे राहिले. "नवी आहे तर नव्यासारखी दिसू दे की. हे काय, पणजीचा झगा घालून नाचायला निघालेली पोर. सोंग आहे नुसतं."

"लहानपणापासून मला तुमचीच गाडी हवी होती, बाबा."

"मग माझी मागायचीस."

"सुरू होणारी हवी होती."

म्हातारे कपात तोंड घालून हसले. आजोबा हसले नाहीत. ते आपल्या गाडीकडे गेले आणि किक मारायला लागले. म्हाताऱ्यांनी सवयीने मोजलं. अकरा.

संध्याकाळी नोहेमी मावशीच्या कामाच्या टेबलापाशी बसली होती. टेबलावर जबडेच जबडे. कुठला सरपंचाचा, कुठला शिक्षिकेचा, ते नोहेमीला ओळखता यायचं आणि शाळेत त्यामुळे तिला चांगलाच भाव होता.

"मावशी, तुझी गाडी खोटी आहे का गं? आजोबा म्हणतात, सोंग आहे."

रुबिएलाने दोन दात उचलून तिच्या तळहातावर ठेवले. एक पांढराशुभ्र. दुसरा किंचित पिवळसर, मुळाशी कॉफीच्या डागासारखी एक रेघ असलेला.

"खरा कुठला वाटतो?"

"हा. पिवळा."

"दोन्ही मीच केलेत, मंगळवारी." तिने दात परत घेतले. "आजोबांची कवळी पहिल्यांदा केली ना, ती या पांढऱ्या दातांची. त्यांनी घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाले, हा साबण विकणारा कोण? मग मी दुसरी केली. जरा पिवळी. आणि पुढच्या दाताचा कोपरा मुद्दाम तोडला. आठवतंय ना तुला, तरुणपणी गाडीवरून पडले तेव्हा हँडल लागून कोपरा उडाला होता ते?"

"मी कशी असेन तेव्हा?"

"त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय, की तू असल्यासारखीच आहेस. तर तो तुटका कोपरा जिभेला लागला, तेव्हा म्हणाले, हां, हा मी."

"म्हणजे ते दात खोटेच."

"अगदी खोटे. पण खरे आहेत असं सांगून मी ते कुणाच्या तोंडात बसवलेले नाहीत," रुबिएला म्हणाली आणि सरपंचाचा जबडा घासायला लागली.

सणाला नऊ दिवस राहिले असताना आजोबांची गाडी मेली. अकराला नाही, वीसला नाही, चाळिसाव्या किकलाही सुरू झाली नाही. मेकॅनिक ओविदियोने ती उघडली, आत बघितलं आणि बसायला स्टूल ओढलं. मेकॅनिकने स्टूल ओढलं की बातमी वाईट असते.

"स्पार्क नाही, लिबार्दोकाका. मॅग्नेटोची कॉइल जळाली."

"मग नवी गुंडाळ."

"गुंडाळतो ना. पण तसली तार बोगोताहून यायला ऑगस्ट उजाडेल."

"मातेचा सण जुलैत आहे."

"ते मातेला सांगून बघा."

आता तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या नंबरची जुनी गाडी कुणाची? दूधवाल्या प्रोस्पेरोची, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची. आणि प्रोस्पेरोच्या मुलाला, दुवानला, दहा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. दुवानने त्याच दुपारी सराव सुरू केला. एक कोंबडी छातीशी धरून तो बापाच्या मागे बसून गावभर हिंडला. नोहेमीच्या दारावरून चार वेळा.

"आजोबा," नोहेमी म्हणाली, "पायाने ढकलत नेऊ या ना."

त्या डोंगरात ही रोजची गोष्ट होती. चढावर कुणाची मोटरसायकल बंद पडली, की मागून येणारा ओळख विचारत बसत नाही. तो आपली गाडी शेजारी आणतो, पाय लांब करून तुमच्या मागच्या फूटरेस्टवर टेकवतो, आणि आपल्या इंजिनावर तुम्हाला ढकलत गॅरेजपर्यंत नेऊन सोडतो. तिथे पोहोचल्यावर तुम्ही त्याला कॉफी पाजता आणि तुमची दोघांची नावं एकमेकांना कळतात.

पण आजोबा चिडले. "पन्नास वर्षं मी लोकांना ढकलत आणलंय. मी. माझ्या गाडीला आजवर कुणी पाय लावलेला नाही, आणि कुणी लावायचा नाही." आणि ते गाडीवर चादर टाकून घरात गेले.

नोहेमी ओविदियोच्या गॅरेजमध्ये जाऊन बसली. रुबिएला तिथे टायरमध्ये हवा भरून घेत होती. ओविदियोने एकदा हिरव्या टाकीकडे पाहिलं, एकदा नोहेमीच्या चेहऱ्याकडे.

"मी म्हणतो, निम्म्या गावाला ही जुनीच वाटते," तो म्हणाला. "जरा मळवली, तर उरलेल्या निम्म्याला वाटेल."

"नाही," रुबिएला म्हणाली.

"खोटं कुठे बोलायचंय? नुसतं मळवायचं. मळलेली गाडी हा काय गुन्हा आहे?"

"नाही म्हटलं ना."

"मावशी," नोहेमी म्हणाली, "मी परत दहा वर्षांची होणार नाहीये."

रुबिएला दातांच्या बाबतीत फार कडक होती. भाचीच्या बाबतीत तितकी नव्हती.

ओविदियोने हौसेने काम केलं. कॉफीचा चोथा ऑइलमध्ये कालवून इंजिनाला फासला. सायलेन्सरवर राख चोळली. मीटरमधला पडदा झाकायला चामड्याचा एक तुकडा चिकटवला. नंबरप्लेटवरची अक्षरं पाहून गाडी कधीची ते गावातलं शेंबडं पोरही सांगतं, म्हणून तिथे फुग्यांचा घोस बांधला. सगळ्यात शेवटी इंजिनाखाली सार्डिनचा एक रिकामा डबा बांधला, त्याला टाचणीएवढं भोक पाडलं आणि आत जुनं ऑइल ओतलं. टप. थोड्या वेळाने, टप.

"ही आता गळते," तो मागे सरकून म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता.

रुबिएलाने गाडीकडे एकदा पाहिलं आणि हेल्मेट उचललं. नोहेमीला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. फक्त दर टपला तो थोडा कमी होत होता.

सोळा जुलै उजाडला. फादर आनिबाल जाड चष्म्यातून हिरव्या गाडीकडे बघत राहिले, वाकून खालचं ऑइलचं डबकं पाहिलं आणि मान डोलावली. "लिबार्दोच्याच घरातली का? छान, छान." प्रोस्पेरो दूधवाला काहीतरी पुटपुटला, पण दोनशे हॉर्नच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. दुवान कोंबडी न घेता आला होता आणि हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं.

लिबार्दो आजोबाही आले. आपली गाडी हाताने ढकलत, घाम पुसत, चढ चढून. तिला एकच फुगा बांधलेला होता. त्यांनी ती वर चर्चच्या भिंतीला लागून सावलीत उभी केली. "आजाऱ्यावरही शिंपडतातच की पाणी," ते कुणी न विचारता म्हणाले. नोहेमीकडे त्यांनी पाहिलं नाही.

फादरनी मूर्ती नोहेमीच्या हातात दिली. ती तिला वाटली होती त्याहून जड होती आणि तिला मेणाचा वास येत होता. नोहेमी मावशीच्या मागे बसली. पाठ ताठ. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. तीन वर्षं तिने जसं मनात आणलं होतं, अगदी तसं.

मग हॉर्न थांबले. एकामागून एक, शेवटी पार खालचा दुधाचा ट्रकही. सगळं गाव 'एक' म्हणायला तोंड उघडून उभं राहिलं.

रुबिएलाचा उजवा पाय किक शोधत खाली गेला. तिथे काहीच नव्हतं.

गर्दीत ओविदियोने कपाळाला हात लावला. चोथा, राख, चामडं, सार्डिनचा डबा, सगळं सुचलं होतं त्याला. आणि किक, जिच्यासाठी सगळं गाव जमलं होतं, तीच राहिली होती.

रुबिएलाने थोडी वाट पाहिली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तिने बटन दाबलं. गाडी पोट भरलेल्या मांजरासारखी गुरगुरायला लागली.

गावाची तोंडं उघडी ती उघडीच.

"शून्य," कुणीतरी म्हणालं.

"शून्य-शून्य लिहू का मग?" खालून फाबिओलाबाईंनी पेन काढून विचारलं.

"किक कुठेय हिची?" हा प्रोस्पेरो. या वेळी त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "एवढ्या जुन्या गाडीला किक नाही?"

फादर जवळ आले. "रुबिएला, मुली, कोणत्या सालची म्हणालीस तू ही?"

ती काहीच म्हणाली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. आता विचारलं होतं. नोहेमीला मागून मावशीच्या गालाची कड तेवढी दिसत होती, आणि त्या गालात एक खोटं साल येऊन थांबलंय हेही तिला दिसलं. गाडीखाली डबा गळत होता. टप. एक दातसुद्धा खरा म्हणून न विकणारी मावशी आता फादरसमोर, मातेसमोर आणि प्रोस्पेरोसमोर खोटं बोलणार होती, आणि ते नोहेमी दहा वर्षांची होती म्हणून.

"यंदाची आहे, फादर," नोहेमी म्हणाली. "मळवायला मीच सांगितलं."

आणि ती उतरली. मूर्ती तशीच छातीशी धरून ती चौक चढायला लागली. लोक बाजूला होत गेले. मूर्ती हातात असलेल्या माणसाला अडवायची कुणाची छाती होत नाही. ती चर्चच्या भिंतीपाशी गेली, एक फुगा बांधलेल्या गाडीवर पाय टाकला आणि मागच्या सीटवर बसली.

"उतर," आजोबा म्हणाले. "मेलीये ती."

"किक मारा, आजोबा."

"स्पार्क नाही."

"आकडा तरी निघेल."

"पोरगी बरोबर बोलतेय," खालून फाबिओलाबाई म्हणाल्या.

आजोबांनी चौकाकडे पाहिलं. पाचसहाशे माणसं. त्यांनी टोपी सरळ केली, गाडीवर बसले आणि किक मारली.

"एक," गाव म्हणालं. आवाजात नऊ दिवसांची तहान होती.

पाचव्या किकला गावाने ताल धरला. बाराव्याला फादरचे ओठ हलायला लागले. सतराव्याला टाळ्या पडल्या, जुन्या ओळखीमुळे. विसाव्याला आजोबा लाल झाले होते, पण मागे नातीच्या हातात माता होती आणि पुढे सगळं गाव, आता थांबणं शक्य नव्हतं. एकवीस. बावीस. तेविसाव्या किकला त्यांनी असा जोर लावला, की इंजिनातून काही बाहेर आलं नाही, पण आजोबांच्या तोंडातून कवळी आली.

एल नोगालमध्ये पडलेली वस्तू पडल्या जागी राहत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. कवळी फरशीवर आपटली, उलटली आणि उतारावरून निघाली. लोकांच्या पायांमधून, फुग्यांखालून, खडखडत, हसत हसत म्हणा ना. ती थेट हिरव्या गाडीच्या पुढच्या चाकाला टेकून थांबली.

"तेवीस," गाव एका सुरात म्हणालं, आणि निम्मं गाव खाली टपरीकडे धावलं.

रुबिएलाने कवळी उचलली, उजेडात धरून पाहिली. एकही दात हलला नव्हता. तिने ती फादरसमोर धरली. फादरनी काही बोलायला तोंड उघडलं, मग विचार बदलला आणि पवित्र पाण्याची बादली पुढे केली. रुबिएलाने कवळी त्यात दोनदा बुचकळली.

मग तिने इंजिनाखालचा सार्डिनचा डबा उपटून ओविदियोच्या हातात दिला, फुग्यांचा घोस सोडला आणि गाडी चौकातून वर आणली. ती आजोबांच्या डाव्या बाजूला, जराशी मागे येऊन थांबली. डाव्या हाताने तिने कवळी पुढे केली. आणि उजवा पाय उचलून लांब केला.

"हाय हावायचा नाही," आजोबा म्हणाले. म्हणजे, पाय लावायचा नाही. दातांशिवाय ते एवढंच जमलं.

"बाबा," रुबिएला म्हणाली, "तोंडात माझे दात चालतात आणि गाडीला माझा पाय चालत नाही?"

आजोबांनी कवळी घेतली. तोंडात बसवली. जीभ आतून फिरत पुढच्या दातापाशी आली आणि तुटक्या कोपऱ्यावर थांबली, ते गालावरून दिसलं.

"नियम चालत्या गाडीचा आहे," प्रोस्पेरो म्हणाला.

"चाकं फिरली की चालती," फादर म्हणाले आणि बादली सावरून मिरवणुकीच्या पुढे चढाकडे निघाले.

आजोबांनी गिअर न्यूट्रलला टाकला. हँडल दोन्ही हातांनी धरलं. मागे न बघता म्हणाले, "हळू लाव. रंग जाईल."

"कुठला रंग, बाबा?"

रुबिएलाचा बूट हवेत तसाच थांबलेला होता. मागे त्या बाजूला फूटरेस्ट एकच होता आणि त्यावर नोहेमीचा पाय होता. नोहेमीने मूर्ती एका हाताने छातीशी घट्ट धरली, दुसऱ्या हाताने आजोबांचा पट्टा पकडला, आणि आपला डावा पाय उचलून मावशीच्या पायाला जागा करून दिली.